आप्पांच्या कानापर्यंत

मी साउंड कार्ड, कॉम्प्युटरला आवाज देणारा भाग, बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचेच आवाज पुढे पोचवले. स्वतःचं असं हे पहिलंच बोलणं आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

वीतभर हिरवी पट्टी आणि एका कडेला सोनेरी दात, एवढाच माझा देह. कुठल्याशा परदेशी कारखान्यात जन्मलो आणि सुरतेच्या एका सूतव्यापाऱ्याच्या ऑफिसात येऊन पडलो. शेठ जेवायला उठले की त्यांची मुलं कॉम्प्युटरवर लढाईचे खेळ खेळत. बंदुकांचे आवाज काढून काढून मी अगदी विटलो होतो. मग ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी खणात झाली.

तिथे बिलं करणारी हर्षदा होती. तिने मला मागितलं. शेठ हसून म्हणाले, "लई जा बेन, मारे शुं काम छे?" हेडफोन, माईक आणि माझ्यासोबत आलेली फ्लॉपीही तिने मागून घेतली. एकदा तिने हेडफोन आणि माईक लावून पाहिले होते. माईकसमोर नुसतं पुटपुटलं तरी हेडफोनमध्ये खणखणीत ऐकू येत होतं. तेव्हापासून तिच्या मनात एकच विचार होता, आप्पांचा.

आप्पा म्हणजे तिचे वडील, सुकलाल. अमळनेरकडून तरुणपणी सुरतेला आले आणि उधन्याच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. कानात घालायचं यंत्र आणलं, तर ते 'कानात भुंगा शिरना' म्हणून त्यांनी काढून ठेवलं. त्यामुळे घरात सगळं बोलणं ओरडून चाले. चहात साखर कमी पडली, हे आप्पांच्या आधी गल्लीला कळे.

आणि नेमकं त्याच दिवसांत हर्षदाला आप्पांशी हळू आवाजात बोलायचं होतं. मामांनी शिरपूरचं स्थळ आणलं होतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी सुपारी फुटायची होती. मुलगा बोलता बोलता म्हणाला होता, "आमच्याकडे बायका नोकरी करत नाहीत." हर्षदाला हे लग्न नको होतं. पण आई, सरलाबाई, आपल्या भावाच्या शब्दाबाहेर जायला तयार नव्हती. राहिले आप्पा. चिठ्ठी द्यावी, तर त्यांना वाचता येत नव्हतं. ओरडून सांगावं, तर शेजारच्या पुष्पाबाई भिंतीला कान लावूनच बसलेल्या!

मी घरी आलो तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. हर्षदाने हप्त्यावर घेतलेला जुना कॉम्प्युटर तिथे होताच, पण मुका. तुम्हाला आठवतात का ते दिवस? कॉम्प्युटरला भरतकामाचं झाकण असे, त्याच्या खोलीत चपला घालून जायची मनाई असे. बटण दाबलं की आख्खं घर खुर्चीमागे उभं राही. तसा मान आता आम्हाला कुठे मिळतो?

दसऱ्याला आप्पांनी हत्यारांची पूजा मांडली. पकड, पाने, मागाचा धोटा आणि शेजारी मी. आप्पांची रीत अशी, की जो भाग काम करतो त्यालाच कुंकू लावायचं. धोट्याच्या टोकाला, चाकाच्या दात्यांना. त्यांनी मला मोठ्या प्रेमाने उलटसुलट केलं आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट माझ्या सोनेरी दातांवरून फिरवलं. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. पण कॉम्प्युटरशी माझा संबंध येतो तो त्याच दातांनी, हे त्यांना कोण सांगणार?

पुजलेल्या हत्यारांना दसऱ्याला विश्रांती. दुसऱ्या दिवशी हर्षदाने मला बसवलं. विंडोज सुरू झालं आणि नवीन हार्डवेअर सापडल्याची खिडकी उघडली. ती टाळी वाजवणार तोच कॉम्प्युटरने मला भलतंच कुणीतरी ठरवलं. माझं नाव त्याला नीट ऐकूच गेलं नव्हतं! मला कसं चालवायचं हे सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. कॉम्प्युटरने आपल्या मनाने तो निवडला, तोही चुकीचा. माझ्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह लागलं आणि हेडफोन मुका राहिला.

हर्षदाला वाटलं, दोष ड्रायव्हरचाच. तिने फ्लॉपी घातली, काढली, पुन्हा घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शनिवारची संध्याकाळ झाली. आत सरलाबाई उद्याच्या पाहुण्यांसाठी पुरणाची डाळ निवडत होत्या. हर्षदाच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही कासावीस झालो होतो, पण करणार काय?

शेवटी जागा बदलून पाहावी म्हणून तिने मला उपसलं, आणि तिचं बोट लाल झालं. तिने माझे दात पाहिले, मग आप्पांकडे पाहिलं. खोडरबर घेऊन तिने माझे दात हळूहळू घासले आणि पूजेचं कुंकू म्हणून तो लालसर चुरा तुळशीत टाकला. मला परत बसवलं, ते चुकीचं नाव यादीतून काढलं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. या वेळी मी माझं नाव खणखणीत सांगितलं. फ्लॉपीवरचा ड्रायव्हर लागला आणि उद्गारचिन्ह गेलं.

तिने आप्पांना खुर्चीत बसवून हेडफोन घातला. माईक तोंडाशी धरून अगदी हळू म्हणाली, "आप्पा, आयकू येस का?"

आप्पा दचकले. किती वर्षांनी त्यांनी लेकीचा न ओरडलेला आवाज ऐकला! त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला.

"आप्पा, माले हाई लगीन नही करनं. माले काम सोडनं नही."

तिचं बोलणं मी शब्दन् शब्द पोचवलं. पण आप्पांची सवय कशी जाणार? त्यांनी कारखान्यात देत तसा आवाज दिला, "मंग नही करनं! पहिले काबर नही सांगं, बेटा? मनी पोरले पसंत नही, उद्या कोनी येवानं नही!"

आख्ख्या गल्लीने ऐकलं. पुष्पाबाई तर दारातच आल्या. आता शब्द मागे घ्यायची सोयच उरली नव्हती.

रविवारी कुणी आलं नाही. मामा रुसले आणि सरलाबाईंनी अबोला धरला. पुरणाची डाळ आमटीत गेली.

आता कॉम्प्युटरच्या पोटातच आवाजाची सोय असते. मी रिकामा झालो. हर्षदाने मला मऊ कापडात गुंडाळून ठेवलंय. मला भंगारात देऊ नका, एवढंच मागणं आहे. कारण माझ्यापाशी एक ठेव आहे. तो अबोला चालू असतानाच एका दुपारी, हर्षदा कामावर गेलेली असताना, सरलाबाईंनी आप्पांच्या डोक्यावर स्वतःच हेडफोन चढवला. पदराने हात पुसून माईक हातात घेतला आणि कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या. त्या दिवशी आप्पा एकदाही ओरडले नाहीत, नुसते मान हलवत होते. त्या काय बोलल्या ते मला ठाऊक आहे. तुम्हाला सांगणार नाही.