पोसलेले रातकिडे

पहिला रातकिडा उडाला तो थेट लक्ष्मणबुवांच्या फेट्यावर जाऊन बसला. दुसरा पेटीवर, तिसरा विमलबाईंच्या पदरात. विमलबाई किंचाळल्या आणि दत्तोबांच्या हॉलमध्ये रंगात आलेलं एकादशीचं कीर्तन जागच्या जागी थांबलं.

"बाबा, हे उडत नाहीत म्हणाला होता दुकानदार!" सून दिव्या स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली.

दत्तोबांनी टाळ छातीशी धरून कोपऱ्यातल्या टबाकडे पाहिलं. वरची जाळी एका बाजूनं उचकटली होती.

रातकिडे होते दिव्याच्या माशाचे. हातभर लांब चंदेरी मासा, जिवंत किड्यांशिवाय तोंड उघडायचा नाही. ती रहाटणीच्या दुकानातून त्याच्यासाठी रातकिड्यांची पिल्लं आणायची. तिची सेकंड शिफ्ट लागली आणि मासा दत्तोबांच्या गळ्यात पडला. त्या गळ्यात तुळशीची माळ! माळकऱ्यानं आपल्या हातानं जिवंत किडा माशाच्या तोंडी द्यायचा? त्यांनी माशाला दाणे घातले, रातकिड्यांना गाजर. मासा रुसला. रातकिडे मात्र जावयासारखे फुगले.

दिव्यानं तिथल्या तिथं दुकानदाराला फोन लावला. स्पीकरवरून आवाज आला, "अहो ताई, गर्दी झाली अन् उकाडा वाढला की काहींना उडायचे पंख येतात. ते खाऊ घालायचे होते, पोसायचे नव्हते!"

सगळा हॉल हसला. दत्तोबांची बायको अंबूबाई म्हणाल्या, "घ्या! दया करायला गेले अन् इमानतळ उघडून बसले."

बुवा मोठ्या मनाचे. फेट्यावरचा किडा अलगद उतरवून म्हणाले, "आरं, माशाच्या पोटातनं सुटून हे नामाला आलेत. ऐका की, काय सूर धरलाय!"

सगळ्यांनी कान टवकारले. कपाटामागून, पडद्यामागून किर्रर्र किर्रर्र सुरू होतं.

दत्तोबांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये उभा जन्म गेला होता, पत्रा ठोकणाऱ्या मशीनशेजारी. बारीक आवाज कधीच हरवले होते. मृदंगाची थाप तेवढी पोचायची, तीही निम्मी. हे फक्त अंबूबाईंना ठाऊक. बाहेर कळलं तर पहिल्या रांगेतली टाळकऱ्याची जागा जाणार, आणि कंपनी सुटल्यापासून माणूस म्हणून उरली होती ती तेवढीच जागा.

"दत्तोबा, धरा ठेका ह्यांना!" बुवांनी हातानं खुणावलं.

शेजारी मृदंगावर बसलेले हिंदुराव किर्रर्रसरशी मान हलवत होते. दत्तोबांनी ती मान बघून ठेका उचलला आणि भक्तीनं डोळे मिटले. झ्यांग, झ्यांग. लोक खूश. रातकिडे आणि टाळ, जुगलबंदीच!

तेवढ्यात विमलबाईंना शिंक आली. शिंक कसली, सुतळी बॉम्बच. सारे रातकिडे एकदम चिडीचूप.

दत्तोबांचा टाळ चालूच. झ्यांग, झ्यांग.

"आहाहा," डोळे मिटूनच ते म्हणाले, "काय गोड सूर लावलाय बघा, बुवा!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

दत्तोबांनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. दिव्याचा हात तोंडावर. अंबूबाई सतरंजीचा धागा ओढत बसलेल्या. दत्तोबांनी टाळ थांबवला, दोरी गळ्यातून काढली आणि हळूच म्हणाले, "बुवा... मी बसतो आता मागं."

"का? पाय आखडला व्हय?" हिंदुराव मोठ्यानं म्हणाले.

"न्हाई रं. ऐकू..."

"मग बस की गप! मी काय एकट्यानं बडवू?"

बुवांनी जसं काही झालंच नाही तसा अभंग उचलला. हिंदुराव मृदंगासकट घसटत घसटत इतके जवळ सरकले, की मृदंगाची धुमाची, खर्जाची बाजू दत्तोबांच्या गुडघ्याला टेकली. त्यांनी थाप मारली. दत्तोबांचा गुडघा थरारला.

दत्तोबांनी दोरी पुन्हा गळ्यात घातली. पुढची थाप गुडघ्यात उतरेपर्यंत थांबले, आणि बरोबर समेवर टाळ वाजवला.