देव ओढतो ती गाडी

कोल्हारच्या सूर्यभानचा ट्रक डावीकडे ओढायचा. कारण साधं होतं. पुढची चाकं सरळ नव्हती आणि डावं टायर एका कडेने झिजून गुळगुळीत झालं होतं. पण साधं कारण मान्य करील तो सूर्यभान कसला! नगरच्या दिशेने जाताना शनिशिंगणापूर डाव्या अंगाला येतं, तेव्हा त्याने जाहीर करून टाकलं, की शनिदेवच गाडी ओढून घेतो. परतीच्या वाटेवरही ती डावीकडेच, म्हणजे शिंगणापूरच्या बरोबर उलट दिशेला जायची. त्यावर तो म्हणे, देव घरी पाठवतोय.

गावालाही हे पटलं, हे विशेष. दर शनिवारी बाया त्याच्याच ट्रकने दर्शनाला निघू लागल्या आणि निघण्याआधी डाव्या चाकावर तेल ओतू लागल्या. सूर्यभान पुढाऱ्यासारखा मिशीवरून हात फिरवायचा. तेही गाडी उभी असेपर्यंतच, कारण एकदा सुटली की स्टेअरिंग दोन्ही हातांनी उजवीकडे दाबून धरावं लागे.

त्याची बायको रतनबाई शेजारी जीव मुठीत धरून बसायची. मागे अख्खी आळी बसलेली असते, एखाद्या दिवशी सगळ्यांना ओढ्यात घालाल, असं तिने कितीदा बजावलं. हा ढिम्म. शेवटी तो एका दहाव्याला जामखेडला गेलेला असताना तिने गॅरेजवाल्या दानीएलला बोलावलं आणि चाकं सरळ करून घेतली.

शनिवारी सूर्यभान ऐटीत चढला, गाडी सुरू केली आणि सवयीने स्टेअरिंग उजवीकडे दाबलं. या वेळी गाडीने त्याचं ऐकलं. ती तडक पलीकडच्या छगनच्या रसवंतीत शिरली. छगन बर्फ आणायला गेला होता म्हणून वाचला, पण त्याचा चरक आडवा झाला आणि मागे बाया एकमेकींवर आदळल्या. देव कोपला, असं सूर्यभान म्हणाला. देव नाही, दानीएल, असं रतनबाईने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

दुसरा कुणी असता तर त्याने हाताची सवय सुधारली असती. सूर्यभानने गाडी बिघडवायचं ठरवलं. दानीएलने साफ नकार दिला, तेव्हा हा स्वतःच पाना घेऊन खाली शिरला आणि चाकं वाकडी करूनच बाहेर आला. गाडी पुन्हा डावीकडे ओढू लागली, तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या शनिवारी त्याने चौकात हॉर्न वाजवला. बाया दुसऱ्याच्या टेम्पोत चढत होत्या आणि त्यांच्यात रतनबाईही होती. बाकीच्यांचं एक वेळ त्याने सोसलं असतं, पण हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. देवाच्या गाडीला पाठ दाखवू नये, असं त्याने तिला खिडकीतून सुनावलं. ती टेम्पोजवळून शांतपणे ट्रकपाशी आली.

"देव वढतोय म्हनता ना? मंग रस्त्याला लागल्यावर दोनी हात सोडा. सोडनार असाल तर आत्ता बसते."

टेम्पोतल्या बाया माना वळवून बघत होत्या. गाडी जागेवर उभी होती, तरी सूर्यभानने स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.