वाऱ्यावरची शेळी

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," असं म्हणत पोस्टमन आजोबांनी उशी पाठीशी ओढून घेतली. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरचा सुतार लगेच त्यांच्याकडे कुशीवर वळला. आजी मात्र संत्रं सोलता सोलता थांबली.

गोष्ट तीच होती. वादळात सायकल उडाली, टपालाच्या पिशवीसकट आजोबा नदीपार उतरले आणि एकही पाकीट भिजलं नाही. आजीने ती संसारभर ऐकली होती, पण एकदा ऐकलेली तशीच पुन्हा कधी नाही. नदी दर खेपेला रुंदावायची. मग एका वर्षी कॅरिअरवर शेळी आली. तेव्हा आजीने विचारलंही होतं, "तिला तिकीट कितीचं लावलं होतंत?"

पुढे आजोबा आजारी पडले आणि त्या शेळीपाशीच गोष्ट अडली. अंगात बारीक ताप, डोकं धरून बसणं, मधेच भलतंच बरळणं. कुणी चष्मा बदलायला लावला, कुणी वयावर ढकललं. मुलगा म्हणाला, "बाबांचं बोलणं कुठलं आणि बरळणं कुठलं, ओळखायचं कसं?"

या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरबाईंनीही तेच विचारलं, पण आजीला. आणि उत्तर ऐकायला स्टूल ओढून बसल्या.

"परवा गोष्ट सांगितली, काल सांगितली. शब्दन् शब्द तीच. काही म्हणजे काही वाढलं नाही हो त्यात."

मुलगा हसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी आजोबांची मान हलकेच पुढे वाकवून पाहिली, ती वाकेना. कण्यातून पाणी काढलं, त्यात जंतू दिसेनात. तपासणीत ते वाढून दिसायला आठवडे लागणार होते.

"मेंदूचा टीबी वाटतोय," त्या म्हणाल्या. "हातात पुरावा नाही. पण त्याची वाट बघत बसलो, तर आजोबा हातचे जातील. चुकलं तर माझं चुकलं."

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. तेव्हापासून ते स्टूल आजी दुसऱ्या कुणाला बसायला देईना.

ताप उतरला. आजोबा माणसं ओळखू लागले, गोष्टही सांगू लागले. पण रोज तीच, पाठ केल्यासारखी. मोठे डॉक्टर चेष्टा करत, "शेळीच्या साक्षीवर औषध देताय?" डॉक्टरबाई ऐकून घेत आणि सकाळी आल्या की आधी आजीला विचारत,

"काय म्हणते शेळी?"

"आहे तशीच आहे."

"असू दे. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

आजही त्या दाराशी येऊन थबकल्या. आजोबांची सायकल नदीच्या मध्यावर पोचली होती.

"खाली पाणी उसळतंय, मागे शेळी ओरडतेय..." आजोबांनी घसा खाकरला, सुताराकडे तिरकं पाहिलं. "आणि टपालाच्या पिशवीतनं तिची दोन करडं डोकी बाहेर काढून..."

संत्रं आजीच्या हातातून सुटून खाटेखाली घरंगळलं.

"खोटं," दाराकडे बघत ती म्हणाली. "साफ खोटं. करडं नव्हतीच मुळी."