दुपारचा खंड

आत्याच्या घरात सेन्सर पाच होते: दारावर एक, गादीखाली एक, न्हाणीघरात एक, औषधांच्या डबीवर एक आणि छातीच्या पट्ट्यात एक. पाचही आपापली खबर खिडकीतल्या रिसीव्हरला बिनतारी पोहोचवायचे आणि तो ती दवाखान्यात धाडायचा. चौघं इमानदार निघाले. पट्टा मात्र रोज दुपारी दोन तास मूग गिळून बसायचा.

डॉक्टरीणबाईंनी भाचीला फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "आजी पट्टा काढून ठेवतात. उद्याही पाच मिनिटांहून मोठा खंड पडला, तर त्यांना वॉर्डात हलवू. त्यांच्या हृदयाशी खेळ नको."

"मी काढत नाही," आत्या म्हणाली. "काढला असता तर काढला म्हणाले असते. मी काय तुझ्या बापासारखी आहे, नाही नाही म्हणत साखरेचा डबा रिकामा करणारी? आणि वॉर्डात मी नाही जायची. घर माझं आहे."

सेन्सर बसवणं हेच भाचीचं रोजचं काम. तिनं बॅटरी बदलली, पट्टा तपासला. आत्या घरभर हिंडली तरी तो ठणठणीत चालला. मग भाचीनं पलंगाशी खुर्ची ओढली.

"आत्या, रोज दुपारी झोपतेस तशी झोप."

"झोपेचा खेळ बघायचाय? तिकीट काढ आधी."

आत्यानं शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून आणली, खिडकीकडे कुशीवर वळली आणि पिशवी छातीशी कवटाळली. भाचीच्या लॅपटॉपवरची नाडीची रेघ थांबली.

भाचीनं पिशवी काढून घेतली. रेघ सुरू. परत दिली. रेघ बंद.

उष्णतेमुळे असेल का? तिनं पिशवीत नळाचं पाणी भरलं.

"गार पाण्यानं कोण शेकतं गं? शिकलीस, की होतं तेही घालवलंस?" आत्या कुरकुरली, पण पिशवी धरली.

रेघ बंदच. रिकामी पिशवी धरली, तेव्हा मात्र चालू राहिली.

"तुझ्या पट्ट्याचा आवाज पाणी पिऊन टाकतंय," भाची म्हणाली.

"म्हणजे पिशवी जाणार?"

"पिशवी राहू दे. ती पट्ट्याच्या आणि खिडकीतल्या यंत्राच्या मधे येते, म्हणून यंत्रच हलवू."

तिनं रिसीव्हर उशाकडच्या भिंतीवर, आत्याच्या डोक्याच्या वरच्या बाजूला लावला.

दुसऱ्या दिवशी, दुपारी एक ते तीन. पिशवी गरम, छातीशी. मिनिटाला एक याप्रमाणे संदेश एकशेवीस. पोहोचले एकशे एकोणीस. सर्वांत मोठा खंड दोन मिनिटांचा.