रंगाचा वास

"रंगाला नावं ठेवायला काय जातंय लोकांचं," रंगारी शिडीवरून पुटपुटला. खाली खिडकीच्या काचा पुसणाऱ्या थोरल्या सुनेला ते स्वच्छ ऐकू गेलं. ऐकू जावं म्हणूनच तो पुटपुटला होता.

रंगाचं नाव तिनेच घेतलं होतं. सकाळी तिची लेक भिंगरी लागोपाठ शिंकली, तशी सासूबाईंची मान दारातून आत आली, आणि थोरली बोलून गेली, "ऍलर्जी आहे हो, आई. या रंगाची." घरात सगळ्यांना ते लगेच पटलं. इतक्या लगेच, की थोरलीलाच संशय आला. उद्या धाकटी जाऊ दवाखान्यातून बाळाला घेऊन यायची होती. बाळ वेळेआधी आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. सर्दी-पडशाचं माणूस जवळ फिरकू द्यायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. घरात कुणी आजारी निघालं तर बाळ थेट धाकटीच्या माहेरी जाणार, आणि ते कुणाच्या पोरीपायी गेलं हे सासूबाई जन्मभर उगाळणार.

दुपारी तिने भिंगरीला गच्चीवर नेलं. तिथे रंगाचा वास नाही, धूळ नाही. भिंगरी तिथेही शिंकली.

"डोळे खाजतात का गं?"

"नाही."

"नीट आठव. थोडे तरी?"

"तू सांगशील तर खाजतील."

सकाळी पाण्यासारखं वाहणारं नाक आता घट्ट झालं होतं. गाल गरम लागला. उन्हाने असेल, असं थोरली मनाशी म्हणाली. पण पोर बसली होती सावलीत.

खाली आल्यावर सासूबाई पुढ्यात. "बघू जरा कपाळ."

"खेळून आलीये, आई."

सासूबाईंचा हात निम्म्या वाटेवर थांबला आणि परत पदराशी गेला. थोरली बघतच राहिली. घरातलं कुणाचं काही खपवून न घेणारी बाई ही, आणि आज हात का मागे घेतला?

मग सासरे मोरीत गेले आणि त्यांनी नळ धो धो सोडला. पाण्याच्या आवाजातूनही शिंक ऐकू आलीच. ते बाहेर आले तेव्हा नाक लाल होतं. "काय रंग आहे का विष," ते म्हणाले.

"मोरीला कुठे लावलाय रंग?" शिडीची घडी करता करता रंगारी म्हणाला.

सासूबाई सगळ्यांकडे पाठ करून ओट्याशी मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होत्या. हळूच, आवाज होणार नाही अशा बेताने.

तेवढ्यात धाकट्या दिराचा फोन आला. "वहिनी, उद्या सकाळची गाडी सांगून ठेवतो. घरी सगळे ठीक ना?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. सासूबाईंच्या गुळण्या थांबल्या. भिंगरी आईच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती, आणि साडीतूनही तो ताप मांडीला लागत होता. थोरलीने आवंढा गिळला. तिचाही घसा खवखवला.

"भावजी, बाळाला धाकटीच्या माहेरीच न्या," ती म्हणाली. "भिंगरीला ऍलर्जी नाहीये. ती आजारी आहे, आणि आता आम्ही सगळेच."