कळांची घाई

मल्हारची सुट्टी रविवारपर्यंतच होती आणि बाळ काही यायचं नाव घेत नव्हतं.

ज्ञानेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माकणीला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. नवरा मल्हार पुण्याच्या कंपनीतून रजा काढून येरमाळ्याला आईकडं येऊन राहिला होता आणि रोज फोनवर एकच विचारायचा, "काय, काही जाणवतंय का?" बाळ पहिल्यांदा आपल्याच हातात यावं, अशी त्याची हौस होती. त्यानं तसं म्हटलं की तिला वाटायचं, उशीर आपणच लावतोय.

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, लई चाल. ती धरणाच्या बांधापर्यंत चालून पाय सुजवून आली. कुणी म्हणालं, उकिडवं बसून फरशी पूस. तिनं अख्खी ओसरी पुसली. खजूर खाल्ले, पपई खाल्ली. पोट ढिम्म. तपासणीला नर्सबाईंनी बजावलं होतं, "झेपेल तेवढं चाला, पण बाळ त्याच्या वेळेलाच येणार. उगा घरगुती औषधं करू नका." तेव्हा तिनं शहाण्यासारखी मान डोलावली होती.

शुक्रवारी मल्हार आणि सासूबाई भेटायला येणार होते. आई, सिताबाई, शेळ्यांना पाला आणायला गेली होती. शेजारची वहिनी मागं एकदा हसत म्हणाली होती, "चहातनं एरंडेल घेतलं की सांजच्याला पाळणा हलतोय बग." ज्ञानेश्वरीनं फडताळातली बाटली काढली, चहात ओतली आणि नाक दाबून पेला रिकामा केला.

पाहुणे जेवायला बसले आणि तिच्या पोटात मुरडा उठला. "कळा सुरू झाल्या!" म्हणत सासूबाईंनी ताट सरकवलं. मल्हार तर आनंदानं हात न धुताच गाडी बघायला धावला. पण त्या कळा नव्हत्या. अर्ध्या वाटेवर गाडी थांबवावी लागली. मग पुन्हा थांबवावी लागली. तिसऱ्या वेळी तिला उतरायलाही जमलं नाही. आईनं आणि सासूबाईंनी लुगड्याचा आडोसा धरून रस्त्याच्या कडेला तिचं पातळ बदललं. मल्हार पाठ फिरवून उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

दवाखान्यात सलाईन लागलं. बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ ठीक आहे. कळा नाहीत, पोट बिघडलंय. अंगातलं पाणी पार गेलंय. काय खाल्लं होतं?"

"घरचंच," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"दुसरं काही घेतलं का? औषध, तेल, काढा?"

तिनं मान हलवली. नाही.

सासूबाई सिताबाईकडं वळल्या. "काय घातलंव वो तिला? शिळंपाकं?"

"न्हाय वो. सकाळी गरम भाकर केली. मुगाचं वरण केलं. पाणीसुदिक उकळून दिलं."

"मग असं कसं झालं? भरल्या दिवसांची पोर तुमच्या हवाली केली, ती काय अशी बघायला?"

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका बघत होत्या. सिताबाईनं पदर तोंडावर घेतला आणि खाली मान घालून उभी राहिली. ज्ञानेश्वरीच्या जिभेवर शब्द आले होते. पण मल्हार समोर होता, सासू होती. तिनं डोळे मिटले आणि झोप लागल्याचं सोंग केलं.

बाळ न बघताच मल्हार पुण्याला गेला. ज्ञानेश्वरी माकणीला परतली, पण आई चुलीपुढं बसेना. मुगाचा डबा तिनं उकिरड्यावर ओतला. घासलेली भांडी पुन्हा राखेनं घासली. थोरल्या सुनेला म्हणाली, "हिच्यापुरतं तूच कर बाई. माझ्या हाताला काय झालंय कुणाला ठावं." दुपारी ती ओसरीवर एकटीच आपले तळहात उलटेपालटे करून बघत बसलेली दिसली.

ते बघून ज्ञानेश्वरीला राहवेना. ती खांबाला धरून शेजारी बसली. "माय, तुझ्या हाताला काय न्हाय. म्या एरंडेल पिले होते."

सिताबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं हात उगारला, पण पोरीच्या पोटाकडं बघून तसाच खाली आणला.

"लेकराला काय झालं असतं मंजी?" ती म्हणाली. मग म्हणाली, "आन् म्या चार माणसांत तोंड लपवून हुबी होते, तवा तू जागी होतीस?"

"व्हय."

"मग लाव फोन. जिनं मला इचारलं, तिला सांग."

ज्ञानेश्वरीनं फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दिशी तुझी आई का बोलली न्हाय?"

"तिला ठावंच नव्हतं, आत्या."

"आन् तुला?"

तिकडून फोन ठेवला गेला.

पुढच्या आठवड्यात, कपडे वाळत घालताना, कुणी काही न करता खऱ्या कळा आल्या. मुलगी झाली. सासूबाई आल्या त्या आधी बाळाकडं न जाता सिताबाईसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "इहिणबाई, म्या लई बोलले तुमाला."

"ऱ्हाऊ द्या," सिताबाई म्हणाली. "बाळ बगा आदी."

दोघी बाळावर वाकल्या, नाक कुणाचं यावर बोलू लागल्या. रात्रपाळी बदलून मल्हार वाटेत होता. त्यालाही एरंडेलाचं सांगायचं होतं, अजून सांगितलं नव्हतं. ज्ञानेश्वरी भिंतीकडं तोंड करून पडली होती. सिताबाईनं मुलीला उचललं, ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "हिकडं वळ. भूक लागलीय तिला."

ती वळली, पण आईच्या तोंडाकडं बघणं काही तिला जमलं नाही.