मालिकेतलं नासलेलं दूध

"मॅडम, तुमच्या मालिकेत ती विधवा आत्या स्वयंपाकघरात आली की दर वेळी दूध कसं काय नासतं?"

विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैजच लावली होती. मयुरीने विचारलं आणि डिंडोलीच्या तिच्या शाळेचा हॉल खदखदून हसला. मयुरीची मान अशी ताठ झाली, जणू तीच पाहुणी!

खऱ्या पाहुण्या सुवर्णा मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्याही याच गल्लीतल्या. आधी केबलवाल्यासाठी नवरात्रीच्या जाहिराती लिहिल्या, मग मुंबईत दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद, आता स्वतःची निर्मिती.

"पहिल्या भागात मी आत्याला हिरवी साडी नेसवून बाजारात पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "चॅनलवाले म्हणाले, लोकांना रुचणार नाही. मग मी दूध नासवलं. प्रेक्षक वाढले, म्हणून नासवतच गेले. माझी आईसुद्धा विधवा आहे गं. ती माझी मालिका बघत नाही."

त्यांनी मयुरीला पुढे बोलावलं. मग म्हणाल्या, "धीट आहेस. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला ये, माझ्या लेखकांबरोबर बस. आत्याचा एक प्रसंग तू लिही."

टाळ्याच टाळ्या! मयुरी हवेत तरंगत घरी आली आणि दारातच धपकन खाली उतरली.

उज्ज्वला काकी मजुरीवर आलेल्या साड्यांचे सुटलेले धागे कापत बसली होती. मांडीवर लाल, केशरी, मोरपंखी. अंगावर काका गेल्यापासूनचं तेच मळकट राखाडी. मागे एकदा घरात दूध फाटलं, तेव्हा मयुरीच टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली होती, "काकी, रसोड्यात तू गेली होतीस ने?" सगळे हसले होते. काकीही हसली होती. पण तेव्हापासून तिने दुधाच्या पातेल्याला हात लावला नव्हता, हे मयुरीच्या आज लक्षात आलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

निघायच्या सकाळी मम्मी दही-साखरेची वाटी घेऊन उभी राहिली. पलसाण्याच्या डाईंग मिलमधून सुट्टी काढून आलेले पप्पा बॅग उचलायला वाकले.

"मम्मी, काकी कुठे?"

"मजार शे, खोलीमा. शुभ कामले जाताना समोर नको. तिलेच समजस."

मयुरी आतल्या खोलीशी गेली. काकीने आपणहून आतून कडी लावली होती. कोणाला सांगावंसुद्धा लागलं नव्हतं.

"काकी, कडी काढ ना."

"जाय बेटा, गाडी चुकी जाई."

"दुधाचं मी बोलले ते चुकलं गं, काकी."

आतून बांगड्यांचा आवाज यायचा प्रश्नच नव्हता. फक्त नाक ओढल्याचा आला.

"चाल लवकर! रिक्षा उभी शे," पप्पा ओरडले.

"आनि लोके काय म्हनतीन?" मम्मी कुजबुजली.

मयुरीने पप्पांच्या हातातून बॅग घेतली, बाहेरच्या दाराच्या उंबऱ्याआत ठेवली आणि तिच्यावरच बसली.

"मम्मी, पप्पा, मी ठरवलंय. दही-साखर मी काकीच्याच हातून खाणार. ती बाहेर येऊन भरवेपर्यंत मी हा उंबरा ओलांडणार नाही. गाडी गेली तर जाऊ दे."